दम की दंड?

दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघरी जे वाद चघळले जातात, त्यांत अलीकडे एका नव्या वादाची भर पडली आहे. जिममध्ये जाणारा पुतण्या म्हणतो, “काका, नुसत्या चालण्याने काही होत नाही, वजने उचला!” काका चकली मोडत उत्तरतात, “मला काय हमाली करायची आहे? हृदय ठीक तर सारे ठीक!” मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. वैद्यकी माझा प्रांत नव्हे. परंतु भांडणाऱ्या दोन मुलांतले खरे कोण बोलतो, हे ओळखण्यात माझी हयात गेली आहे. माझे स्पष्ट मत असे की, या दोघांनाही बाकावर उभे करावे!

काकांचा मुद्दा खोटा नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या बसनोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. दम राखणारा व्यायाम हृदयाला तारतो, ही गोष्ट तेव्हापासून पुनःपुन्हा दिसून आली आहे.

पण पुतण्याही खोटा नाही. चाळिशीनंतर अंगातले मांस हळूहळू झडत जाते आणि नुसत्या फिरण्याने ही झीज पुरती थांबत नाही. १९९० साली अमेरिकेत बोस्टनला नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. नव्वदीत! आणि आपण पन्नाशीतच ‘आता काय राहिले?’ म्हणून उसासे टाकतो.

मग निकाल काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली तो लिहून ठेवला आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. या वाक्यातला ‘आणि’ पाहा. व्याकरणात ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय आहे आणि ‘की’ हे विकल्पबोधक. शहाण्यांनी ‘आणि’ लिहिले. आम्ही ते खोडून ‘की’ घातले आणि भांडत बसलो. आमच्या तालमींना हा घोटाळा ठाऊक नव्हता. तिथे जोर-बैठकाही होत्या आणि दम काढणारी लढतही होती. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, ते काय नुसत्या दंडांवर? दम नसलेला मल्ल आखाड्यात किती वेळ टिकेल?

माझी खरी तक्रार पुढेच आहे. ज्याला जे सोपे, तेच त्याने धरले आहे. पुतण्याचे दंड डाळिंबासारखे फुगले आहेत, पण दुसऱ्या मजल्यावर जायला त्याला लिफ्ट लागते. काका मित्रांसह बागेला रोज चार फेऱ्या मारतात, पण जमिनीवरच्या पाटावरून उठताना गुडघ्यांवर हात रेटतात. दोघांनी आपापल्या व्यायामांची थोडी अदलाबदल केली, तर दोघांचेही कल्याण होईल.

आणि या वादात काकूला कोणी विचारले आहे का? तिच्या आजीने जाते ओढले, उखळात कांडण केले, पाण्याचे हंडे वाहिले. ते कष्ट गेले हे फार उत्तम झाले. त्यांच्यासाठी गळा काढणारा मी नव्हे. पण कष्टांबरोबर मनगटातली ताकदही गेली आणि तिच्या जागी आपण काही ठेवले नाही. पाळी थांबल्यावर बाईची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात; मग न्हाणीघरात पाय घसरतो, खुबा मोडतो आणि धडधाकट बाई अंथरुणाला खिळते. ताकदीची खरी गरज तिला, आणि तिलाच आपण बजावतो, “जड उचलू नकोस, पुरुषी दिसशील!” २००० साली सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने वजन उचलूनच पदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तरी आपली समजूत जागची हलत नाही!

याला जिमची फी भरायलाच हवी असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे; भिंतीला हात लावून दंड काढावेत; पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलाव्यात. रक्तदाब वा हृदयाचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि उचलताना श्वास कोंडू नये. रोज थोडे, आणि हळूहळू वाढवत.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीच्या तबकात साडीबरोबर दोन किलोंच्या डंबेलांची एक जोडी ठेवा. बहीण हसेल, मेहुणे चेष्टा करतील, करू द्या! त्यांना मात्र जिन्याने वर यायला सांगा.