क्रीमी चिकन सॅलड आणि विरुद्धाहाराचा सल्ला

क्रीमी चिकन सॅलड हा पदार्थ आता हॉटेलच्या मेनूकार्डातून देवपुरातील स्वयंपाकघरांत येऊन पोहोचला आहे. व्यायामशाळेत जाणारे तरुण तो रात्रीचे जेवण म्हणून खातात आणि ‘हे चालेल ना?’ असे चिकित्सालयात, तसेच औषधी दुकानाच्या काउंटरवरही विचारतात. आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ठरलेले असते : विरुद्धाहार आहे, बंद करा. हे उत्तर अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

शास्त्र नेमके काय सांगते? अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात कुक्कुटमांस दह्याबरोबर खाऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा दही घालून केलेले सॅलड निःसंशय वर्ज्य. रात्री दही खाण्याचा निषेध त्यात आणखी वेगळा. दुधाचे व सायीचे मात्र तसे नाही. चरकाने मध, तीळ, गूळ, दूध, मुळा, मोड आलेली धान्ये यांच्यासह वर्ज्य सांगितलेले मांस ग्राम्य, आनूप व औदक प्राण्यांचे आहे. कुक्कुट हा विष्किर वर्गात येतो. सायीचा निषेध करणारा वैद्य अनुमानाने बोलत असतो. अनुमान अवश्य करावे. ते ग्रंथवचन म्हणून रुग्णाच्या गळी उतरवू नये. आज रुग्णाचा शिकलेला मुलगा मूळ श्लोक शोधून पाहतो.

मेयोनीज संहितांत नाही. त्याचा दोष वेगळाच आहे : कच्चे अंडे. याच कारणाने केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. आपल्या खान्देशाला हा धडा नवा नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला, २०२१ मध्ये तो पुन्हा आला. दोन्ही वेळा लोकांना सांगावे लागले ते हेच, की मांस व अंडी पूर्ण शिजवूनच खावीत.

नुसता निषेध करण्यापेक्षा कृती सांगावी. पावशेर बिनहाडाचे चिकन आले, हळद व सैंधव घालून आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत उकडावे आणि त्याचे धागे काढावेत. दोन उकडलेल्या अंड्यांचा बलक, दोन चमचे शेंगदाण्याचे तेल, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक वाटलेला कूट, लिंबाचा रस आणि मिरपूड एकत्र घोटावी. चिकन उकडलेलेच पाणी थोडे थोडे घालून ते सैल करावे. दह्याशिवाय, सायीशिवाय उत्तम दाटपणा येतो. (शेंगदाणा संहिताकारांना ठाऊक नव्हता, खान्देशी रश्शाला तो कोणी शिकवावा लागत नाही.) वरून काकडी, गाजर, कोथिंबीर. मोड आलेली कडधान्ये व मुळा आम्ही सावधगिरी म्हणून टाळतो आणि ती सावधगिरी आमची आहे, हेही सांगतो. धुळ्याच्या वैशाखात हे सॅलड तासाभराच्या आत संपवावे. उरलेले सकाळच्या डब्यात देऊ नये.

कोणाला द्यावे? कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, बृंहण आणि बल्य आहे. व्यायाम करणाऱ्या, दीप्ताग्नी तरुणाला ते पचते. अशांना विरुद्धाहारही फारसा बाधत नाही, अशी सवलत ग्रंथांनीच दिली आहे. मात्र श्वित्र, कुष्ठ, शीतपित्त किंवा आमवात असलेल्या रुग्णाला दह्याचे वा सायीचे सॅलड आम्ही स्पष्ट नाकारतो आणि वरील कृतीही अग्नी पाहूनच देतो. औषधी दुकानदार मित्रांना एवढीच विनंती : काउंटरवर हा प्रश्न आला, तर त्यात दही आहे का, मेयोनीज कच्च्या अंड्याचे आहे का आणि त्वचेचा काही विकार आहे का, हे आधी विचारावे. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर त्या गिऱ्हाइकाला वैद्याकडे पाठवावे.