आधी डिस्क बदला

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचं विश्रामबाग, दहा वर्षांचा संगणक दुरुस्तीला नेला की 'आता नवीनच घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. मला तो घाईचा वाटतो. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या निमित्ताने घरात आलेला, पुढे सातबारा काढायला नि मुलांच्या ऑनलाइन वर्गांना राबलेला संगणक सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, तेव्हा अडतं ते बहुधा फिरत्या हार्ड डिस्कपाशी. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेऊनही ती आजच्या कामाला पुरी पडत नाही. तिथे एसएसडी बसवा, रॅम 4 जीबीची 8 करा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल. खरी अडचण वेगळी आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट टाका. ते मोफत आहे, मराठीही लिहिता येतं. मदरबोर्डच गेला असेल, किंवा सांगलीच्या 2019 च्या महापुराचं पाणी लागून गंजला असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका. आणि काहीही उघडण्याआधी घरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.