लेकराला इचारलं का?

हडपसरच्या पुढे दिंडी विसाव्याला थांबली होती. पाच-सहा वर्षांचं एक पोर बापाच्या खांद्यावर बसलेलं. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात चिमुकले टाळ. भोवती आम्ही सात-आठ फोनवाले. "बाळा, इकडे बघ. वाजव ना टाळ!" पोरानं तोंड बापाच्या फेट्यात खुपसलं. बाप ओशाळून हसला, त्याची हनुवटी धरून तोंड आमच्याकडे वळवलं. "घ्या साहेब, घ्या." मीही फोटो घेतला. मागून एक म्हातारी म्हणाली, "माउली, लेकराला इचारलं का?"

बापाला विचारलं, असं म्हणणार होतो. तेही खरं नव्हतं. त्याला 'नको' म्हणता आलं नाही, एवढंच. बूटवाल्या, फोनवाल्या माणसाला नको म्हणायची मुभा आपण गरिबाला ठेवलेली नाही.

रांगा, हॉर्न, पिचकाऱ्या यांवर या सदरात लिहिताना मी आधी नियम शोधतो. इथे तो फार हाती लागत नाही. रस्त्यावर फोटो काढणं हा मुळात गुन्हा नाही. २०१५ चा बालन्याय कायदा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो, पण ती चौकशीत किंवा खटल्यात सापडलेल्या मुलांची. बापाच्या खांद्यावरचं पोर त्यात बसत नाही. उरते रीत, आणि ती आपल्याकडे होती. परक्यानं "काय गोड आहे हो!" म्हटलं, की आजी संध्याकाळी मीठमोहऱ्या उतरवायची. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण कौतुकाची नजरसुद्धा मुलाकडून काहीतरी घेऊन जाते, एवढं त्या बाईला कळत होतं.

आम्हालाही कळतं, फक्त मूल आमचं असलं तर. सोसायटीच्या बागेत कुणी अनोळखी गृहस्थ घसरगुंडीकडे कॅमेरा रोखून उभे राहिले, तर दोन मिनिटांत वॉचमन येईल आणि चार मिनिटांत त्यांचाच फोटो ग्रुपवर पडेल. जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनच्या सामन्यात कॅमेरा प्रेक्षकांतल्या अनुष्का शर्मा आणि कडेवरच्या लेकीकडे वळला. मुलीचे फोटो पसरवू नका, अशी विनंती तिनं आणि विराट कोहलीनं केली. जागा सार्वजनिक, तरी त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. मग बांधावरच्या झोळीत झोपलेलं ऊसतोड कामगाराचं पोर कुणाच्या परवानगीनं 'निरागस' होऊन आमच्या स्टेटसवर चढतं?

फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. वारीचे फोटो नसते तर मी वारीला गेलोही नसतो. पण आधी फोन खाली धरावा, गुडघ्यावर बसावं, पोराशी बोलावं. त्यानं तोंड फिरवलं की विषय संपला, मग आईबाप कितीही "घ्या, घ्या" म्हणोत. खाऊचं आमिष नको. गावाचं नाव, शाळेचा बिल्ला असलेला फोटो कुठेही टाकायचा नाही.

आणि काढलेला फोटो ज्याचा त्याला दाखवावा. स्टीव्ह मॅकरीनं पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत १९८४ मध्ये एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. ती मुलगी म्हणजे शरबत गुला; तिनं स्वतः तो पाहिला २००२ मध्ये, बाई झाल्यावर.

त्या दिवशी म्हातारीपुढे मी फोन पोराला दिला. त्यानं बोटानं स्वतःचं नाक मोठं केलं, पुन्हा लहान केलं, आणि "ह्यो नगं" म्हणाला. दुसरा काढ म्हणाला, टाळासकट. बापानं नंबर सांगितला, "तेवढा पाठवा बरं का, समदेच म्हणत्यात पाठवतो." पहिला तिथेच पुसला. दुसरा सासवडला पोचल्यावर पाठवला. बारा दिवसांनी उलट निरोप आला, आवाजातला. आधी बराच वेळ टाळ, मग पोराचा आवाज: "पोचला."

— पादचारी