भिंतीवरचा ओला डाग



चुका काही फक्त मुलांच्याच होत नाहीत. या वेळी ती तुमच्या बाईंच्या हातून झाली. ऐका तर!

आमच्या चौथीच्या मुलांनी दिवाळीसाठी हस्तलिखित तयार केलं. गोष्टी, कविता, कोडी, चित्रं. पुठ्ठा घालायला मी ते घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. कपाटाच्या बरोबर वर एसी. तिथे भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग दिसत होता. 'बघू उद्या' म्हणता म्हणता आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी पाहते तो काय! भिंतीचा रंग फुगलेला आणि हस्तलिखितातून पाणी निथळतंय!

आधी एसीचा मेन स्विच बंद केला. पाणी आणि वीज एकत्र म्हणजे धोका. तुम्हाला असं काही दिसलं, तर हात न लावता मोठ्यांना हाक मारा.

पण एसीत तर कुणी पाणी भरत नाही. मग ते आलं कुठून? स्टीलच्या पेल्यात बर्फ घाला, पेला बाहेरून कोरडा पुसा आणि दहा मिनिटं थांबा. बाहेरून थेंब जमतील. ते हवेतल्या वाफेचे. एसीच्या आतल्या थंडगार नळ्यांवरही असंच दव जमतं, खालच्या पन्हळीत पडतं आणि बारीक पाइपातून बाहेर जातं. आमच्या ठाण्यासारख्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. रात्रीचे आठ तास धरा, म्हणजे किती झालं? करा हिशोब!

दुरुस्तीवाल्या दादांनी पाइप काढला. आत धूळ आणि बुळबुळीत थर. वाटच बंद, म्हणून पन्हळ भरून पाणी भिंतीवर. त्यांनी पाइप धुतला, नीट उतार दिला आणि म्हणाले, "ताई, उन्हाळ्याआधी हे दरवर्षी करून घ्यायचं."

एक गंमत सांगू? १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि छापताना रंग सरकायचे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या २५ वर्षांच्या इंजिनिअरनं हवेतला दमटपणा काढणारी यंत्रणा आखली. तीच आजच्या एसीची सुरुवात. म्हणजे जे यंत्र कागद वाचवायला जन्मलं, त्यानंच आमचा कागद भिजवला!

पानं ओढून सोडवली नाहीत, फाटली असती. मध्ये टीपकागद घातले, वही उभी उघडून पंख्याखाली ठेवली. उन्हात नाही, कागद वेडावाकडा होतो. उशीरही चालत नाही, दोन दिवसांत बुरशी धरते. बॉलपेननं लिहिलेलं वाचलं. शाईची अक्षरं आणि रंगीत चित्रं मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं खरं सांगितलं. क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्हीच सांगता ना, छोटं असतानाच सांगायचं!"

मी काय बोलणार? "चुकलं माझं," म्हटलं. मग मुलांनीच वह्या काढल्या. एकीनं आपली कविता आठवून पुन्हा लिहिली, वर एक कडवं जास्तच! चित्रं मी त्यांच्याबरोबर बसून रंगवली.

आज घरी गेल्यावर भिंतींकडे एकदा बघा. डाग दिसला, तर आजच सांगा. उद्या नको!

तुमच्या बाई