ठासणीची की छऱ्याची?

ऑलिम्पिक मेडल आलं की आपण ऑफिसात पेढे वाटतो आणि लंचनंतर विसरून जातो. गावाकडची पोरं मात्र विसरत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ मारलं. आपला रेल्वेतला टीसी, बॉस! तेव्हापासून वाशिम जिल्ह्यात मास्तर असलेल्या माझ्या चुलतभावामागे पोरांचा एकच धोशा, "सर, आम्हाले नेमबाजी शिकवा." बजेट? वर्गणीतून जमेल तेवढं. मग साहेबांचा मला फोन. "दादा, आबाची ठासणीची बंदूक हाये ना घरी. फुकटात काम होते!"

आयडिया वाटते तेवढी येडी नाही. आमच्या वऱ्हाडात सोयाबीन-तुरीत रोही आणि रानडुकरं घुसतात, त्यामुळे ठासणीची बंदूक घराघरांतल्या गोष्टींत असतेच. 1959 च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी हीच बंदूक नाव घेऊन सांगितली आहे. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. (परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे, बरं का! त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.)

शिकवायलाही ती तशी झकास. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची, चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि मग एकच बार. चुकला तर सगळं पहिल्यापासून. त्यामुळे पोरगं प्रत्येक बाराचा विचार करतं. नवशिक्याला दारू कमी घालायची, म्हणजे दस्त्याचा दणका कमी बसतो आणि चाप ओढताना डोळे मिटत नाहीत.

पण यातली एकही पायरी चुकलेली चालत नाही. दारू नेहमी मापातून ओतायची, डब्यातून थेट कधीच नाही. नळीत जुनी ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात फुटतो. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. आणि काळ्या दारूच्या जागी आधुनिक बिनधुराची दारू? नावसुद्धा काढू नका. एका मास्तरने दहा पोरांसमोर हे सगळं सांभाळायचं, तेही वर्षानुवर्षं माळ्यावर गंजलेल्या नळीवर! मी सरळ 'नाही' म्हटलं.

दुसरं कारण तर याहून मोठं. परवाना आबांच्या नावावर होता आणि आबा आता नाहीत. म्हणजे ती बंदूक घरात ठेवणंच बेकायदा. ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. भाऊ म्हणाला, "पण आबाची आठवण हाये ना दादा." असेल रे. पण त्या आठवणीपायी तुझ्यावर केस झाली तर पोरांना शिकवणार कोण?

मग घ्यायचं काय? छऱ्याची बंदूक, म्हणजे एअर रायफल. 0.177 बोअरची म्हणजे 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली घेतली तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मॅचची इम्पोर्टेड रायफल लाखांच्या घरात जाते, तिचं टेन्शन आत्ताच नको. नळी मोडून भरायची साधी देशी स्प्रिंगवाली काही हजारांत येते. दुकानदार 'जास्त पॉवरवाली' गळ्यात मारायला बघेल, ऐकू नका. तेरा वर्षांच्या पोरीला जी स्वतःच्या हाताने भरता येते, ती आपली. छरे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि मार्क भांडण न करता मोजता येतात. बिल जपून ठेवा.

दहा मीटर अंतर, मागे मातीची भक्कम भिंत, डोळ्यांना गॉगल, सरावानंतर साबणाने हात धुणं (छरा शिशाचा असतो!) आणि भरलेली असो वा रिकामी, नळी कायम लक्ष्याकडेच. एवढं जमलं की शाळेची रेंज सुरू. खरी मॅचही याच अंतरावर होते. 75 मिनिटांत 60 छरे आणि दहा मार्कांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! ठासणीच्या बंदुकीने तेवढ्या वेळात याच्या निम्मे बार झाले तरी खूप. नवशिक्याला हवी असते प्रॅक्टिस, धूर नव्हे.

मात्र आबांच्या बंदुकीकडून एक गोष्ट जरूर उचला. छरे मुठीने वाटू नका, एका वेळी एकच हातात द्या. तो मारून झाला, कागद बघून झाला की मगच दुसरा.

आणि दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावच्या घरी अशी एखादी बंदूक असेल. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: परवाना कुणाच्या नावावर आहे, आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे? उत्तर देताना घरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिस ठाण्यात जाऊन या. आणि गावच्या शाळेसाठी छऱ्यांचे चार डबे न्यायला विसरू नका.