धोलपूर हाऊसच्या अलीकडे

मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात नवेकोरे ब्लेझर दिसू लागतात. यूपीएससीची मुख्य परीक्षा पार केलेली मुलं-मुली इथे उतरतात. आयोगाचं धोलपूर हाऊस इथून हाकेच्या अंतरावर. हा मार्ग आणि धोलपूर हाऊसचा शाहजहान रोड, दोन्ही इंडिया गेटच्या षटकोनालाच येऊन मिळतात.

जेवणाच्या टेबलावर विषय एकच असतो: बोर्ड कोणतं येईल? कोण सढळ हाताने गुण देतं, कोण हात आखडतं, याच्या गेल्या वर्षीच्या कहाण्या प्रत्येकाकडे तयार. खरं तर बोर्ड कोणतं, ते त्याच दिवशी आयोगात गेल्यावर कळतं. मुख्य परीक्षेच्या 1750 पैकी किती मिळाले, हे अंतिम निकाल लागेपर्यंत उमेदवाराला ठाऊक नसतं. तो हिशेब केव्हाच मिटलेला. उरले मुलाखतीचे 275.

त्यातलं आपल्या हातात काय? एक तर तपशीलवार अर्ज, म्हणजे डीएएफ. त्यातला शब्दन् शब्द आपणच लिहिलेला असतो. छंदाच्या रकान्यात 'ट्रेकिंग' लिहायचं आणि सिंहगडापलीकडे पाऊल टाकलेलं नसायचं, हा अपघात नव्हे, कर्तृत्व आहे. लातूरच्या मुलाला 1993च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाबद्दल, 2016 साली मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेबद्दल चार धड वाक्यं बोलता यायला हवीत. आणि जे येत नाही तिथे 'माहीत नाही, सर' म्हणून गप्प बसता यायला हवं. हे शेवटचं सर्वांत अवघड. आपल्याकडे हुशार मुलांना गप्प बसायची सवय कुणी लावत नाही.

इथवर 'हातात आहे तेवढंच बघ' हा सल्ला चोख आहे. पण अलीकडे क्लासवाले, रील्सवाले आणि निवृत्त अधिकारी तो सरसकट वाटत सुटलेत. सरकारी भरती रखडली? हातात नाही. परीक्षा पुढे ढकलली? हातात नाही, तू अभ्यास कर. शिस्तीच्या नावाखाली हा मुकाटपणाचा धडा आहे, आणि तो मला मान्य नाही.

ज्यांचं नाव महाराष्ट्र सदनाच्या रस्त्याला आहे, त्या कस्तुरबांनाही तो मान्य झाला नसता. कस्तुरबांची एक गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे. दक्षिण आफ्रिकेत आजारपणात गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. बा म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बा हादरल्या, मी सोडते, पण तुम्ही शब्द मागे घ्या, म्हणाल्या. त्यांनी घेतला नाही. संयमाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. मला मात्र त्यात नवऱ्याने आपल्या ताटावरून बायकोच्या ताटावर मिळवलेला ताबाही दिसतो.

त्यापेक्षा 1913 सालच्या बा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या वर्षी तिथल्या एका न्यायाधीशाच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न लागलेली लग्नं बेकायदा ठरली. कायदा, कोर्ट, सरकार, यातलं काहीही बांच्या हातात नव्हतं. सप्टेंबरात त्या निषेध म्हणून परवान्याविना ट्रान्सव्हालची हद्द ओलांडायला निघाल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगायला तुरुंगात गेल्या. पुढच्या वर्षीच्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली. हातातलं काय, हाताबाहेरचं काय, ही रेघ सरकारला परस्पर आखू द्यायची नसते.

पुण्याच्या शास्त्री रोडला हे माहीत आहे. 14 मार्च 2021ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा अभ्यासिकांतली मुलं पुस्तकं मिटून रस्त्यावर येऊन बसली. परीक्षा 21 मार्चला झाली. त्या संध्याकाळी खुर्चीला चिकटून राहिलेल्यांना शिस्तीचे म्हणायचं की रस्त्यावर बसलेल्यांना?

आता रेघेची दुसरी बाजू. जे पूर्णपणे आपल्या हातात आहे, त्याविषयी अभ्यासिकेत चकार शब्द निघत नाही: अटेम्प्ट, म्हणजे परीक्षा किती वेळा द्यायची. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला वयाच्या 32पर्यंत सहा, ओबीसींना 35पर्यंत नऊ, अनुसूचित जाती-जमातींना 37पर्यंत कितीही. पूर्वपरीक्षेचा एक पेपर दिला तरी अटेम्प्ट धरला जातो. फॉर्म भरून न बसल्यास धरला जात नाही. तरीही 'अनुभव घेऊ' म्हणून अर्ध्या तयारीत जाऊन बसणारे दरवर्षी भेटतात. शिवाय सहा ही नियमाने घातलेली मर्यादा आहे, ती संपवलीच पाहिजे असं बंधन नाही. चौदा तास अभ्यासाचं कौतुक गावभर होतं. तीनवर थांबणाऱ्याला मात्र 'सोडून दिलं' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत काकाही असतात, क्लासवालेही.

अटेम्प्टचा आकडा निकालाच्या दिवशी ठरवू नये. त्या दिवशी माणूस एकतर पार खचलेला असतो किंवा थोडक्यात हुकल्यामुळे नको इतका आशावादी. पुढचा फॉर्म भरण्याआधी, आई-वडिलांसमोर बसून तो ठरवावा, आणि त्यानंतर कुठली नोकरी किंवा कुठला अभ्यासक्रम, तेही त्याच बैठकीत.