रिपोर्टातील एक ओळ

वस्तीतील माणसे आमच्याकडे जातीचा दाखला, पेन्शनचा अर्ज, शाळेचा फॉर्म घेऊन येतात. कारकुनी पेशामुळे कागद वाचून देण्याचे काम आमच्याकडेच आले आहे. त्यात दवाखान्याचे कागदही असतात. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या एखाद्या भगिनीच्या रिपोर्टात 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन : प्रेझेंट' अशी ओळ असली की कोणीतरी तिचा अर्थ 'कॅन्सर अंगभर पसरला' असा लावतो. मग रडारड होते आणि 'आता खर्च कशाला, गावी घेऊन जाऊ' इथपर्यंत गोष्ट येते. त्या ओळीचा असा अर्थ होत नाही, म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्या आहेत, तशाच लसिकावाहिन्याही आहेत. त्यांतून पाण्यासारखा पातळ द्रव वाहतो. स्तनातील हा द्रव बहुतांशी काखेतील ग्रंथींकडे जातो. गाठीच्या आसपासच्या अशा बारीक वाहिनीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या की ती ओळ लिहितात. पेशी वाटेला लागलेल्या दिसल्या, एवढाच तिचा अर्थ. अशा पुष्कळ पेशी वाटेतच मरतात. काखेतील ग्रंथींत रोग आहे का, हे रिपोर्टात वेगळे लिहिलेले असते. लिव्हर, फुप्फुस, हाडे यांची तपासणी तर त्याहून निराळी.

ही गोष्ट रक्त तपासून किंवा सोनोग्राफी काढून कळत नाही. काढलेला भाग फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याच्या अतिशय पातळ चकत्या कापून रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या मायक्रोस्कोपखाली पाहतात. या कामात फसगत होऊ शकते. मांस आकसले की पेशींच्या पुंजक्याभोवती नुसती पोकळी पडते आणि ती वाहिनीसारखी दिसते. खऱ्या वाहिनीला आतून पेशींचे अस्तर असते. शंका आली तर डी २-४० किंवा सीडी ३१ नावाची खास तपासणी करून ते अस्तर शोधतात. सुईने काढलेला तुकडा लहान असतो. त्यात काही दिसले नाही तरी ऑपरेशननंतरचा रिपोर्ट पाहावाच लागतो.

मग या ओळीला किंमत किती? रोग पुन्हा उलटण्याचा धोका तिच्यामुळे वाढतो, हे खरे आहे. काखेत रोग नसलेल्या रुग्णांत तिला विशेष महत्त्व आहे. २००५ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले की, काख स्वच्छ असली तरी गाठीभोवतीच्या वाहिन्यांत अशा पेशी असतील तर धोका 'कमी' धरू नये, 'मध्यम' धरावा. पण या एका ओळीने रोगाची स्टेज बदलत नाही. गाठीचा आकार, काखेतील ग्रंथी, ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-टू हे सारे एकत्र पाहून केमो, रेडिएशन, गोळ्या ठरतात. म्हणजे ओळ 'प्रेझेंट' असेल तर उपचार अर्धवट सोडण्याऐवजी पुरे करण्याची निकड वाढते.

भगिनींनो आणि त्यांच्या घरच्यांनो, काही गोष्टी ध्यानात ठेवा. छोट्या नर्सिंग होममध्ये साधी म्हणून काढलेली गाठसुद्धा तपासणीला गेलीच पाहिजे. ती फेकू देऊ नका. बरणी तुमच्या हाती दिली तर फॉर्मालिन घातले आहे ना, हे विचारा आणि त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. सर्व रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलासारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासतात. खर्चाची अडचण असेल तर हॉस्पिटलातच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आणि त्या ओळीचा अर्थ शेजाऱ्याला विचारू नका. फाइल घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, "या ओळीमुळे आमच्या उपचारात काय बदलते?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे.